खुनी कोण, आणि कशावरून?

मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत रहस्यकथेचा विषय निघाला की दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एक चेहरा सौजन्याचा असतो. लहानपणी आपणही बाबूराव अर्नाळकर वाचत होतो, झुंजार आणि काळा पहाड यांनी आपल्यालाही रात्ररात्र जागवले होते, अशी कबुली देऊन तो विषय बालपणाच्या खात्यावर जमा करून टाकतो. दुसरा चेहरा सरळ नाक मुरडतो. पण त्याही पलीकडे जाऊन, घरातली सातआठ माणसे सुटीच्या दिवशी एकत्र बसतात, कुणाचा तरी खून झाला आहे असे मानतात, भूमिका वाटून घेतात, कागदपत्रे वाचतात, एकमेकांची उलटतपासणी घेतात आणि खुनी शोधतात, अशा खेळाबद्दल दोन बरे शब्द बोलायला गेलो, तर हे दोन्ही चेहरे एक होतात. आमच्या एका सहकारी बाईंनी विचारले, "घरात, मुलाबाळांसमोर, खून खेळता?" आणि एका ज्येष्ठ सरांनी पेपर तपासता तपासता मान वर न करता विचारले, "यात साहित्य कुठे आले?"

प्रश्न दोन्ही रास्त आहेत आणि दोन्ही चुकीच्या जागी विचारलेले आहेत, असे आमचे म्हणणे आहे. आम्ही दोघे पदवीच्या आणि एम.ए.च्या वर्गांना मराठी शिकवतो. दोघांच्याही घरी हा खेळ गेली काही वर्षे खेळला जातो. त्या अनुभवावरून आणि या खेळाच्या इतिहासावरून आम्ही असे म्हणू इच्छितो की घरगुती खूनखेळ एका अटीवर वाचनाचे असे शिक्षण देतो जे आमच्या वर्गांतून जवळजवळ हद्दपार झालेले आहे, आणि ती अट मोडली तर तोच खेळ अतिशय क्रूर होतो. खेळाला नाक मुरडणारे ही अट ओळखत नाहीत. त्याचे गोडवे गाणारेही ओळखत नाहीत. त्यांच्या तोंडी 'लॉजिकल थिंकिंग', 'टीम बिल्डिंग', 'क्वालिटी टाइम' असली भाषा असते, आणि तिच्याशी तर आमचे मुळीच जमत नाही. बुद्धीला व्यायामच हवा असेल तर त्रैराशिके सोडवावीत, खून कशाला हवा?

खेळ मुळात इंग्लंडचा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, म्हणजे रहस्यकथेच्या तथाकथित सुवर्णयुगात, तिथल्या सुखवस्तू घरांतून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तो खेळला जाई. गुपचूप एकाला खुनी नेमायचे, त्याने संधी साधून दुसऱ्याला 'मारायचे', दिवे घालवायचे, मग सगळ्यांनी बसून न्यायालय भरवायचे. न्यूझीलंडच्या नायो मार्श यांची पहिलीच कादंबरी, 'अ मॅन ले डेड' (१९३४), याच खेळावर उभी आहे. खेळ सुरू होतो, दिवे जातात, दिवे येतात तेव्हा माणूस खरोखरच मेलेला असतो. ॲगाथा ख्रिस्ती यांना ही कल्पना पुढे दोनदा उपयोगी पडली. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) मध्ये गावच्या वर्तमानपत्रात खुनाची आगाऊ जाहिरात येते आणि शेजारीपाजारी खेळच असणार असे समजून वेळेवर हजर होतात. 'डेड मॅन्स फॉली' (१९५६) मध्ये जत्रेतल्या खूनखेळात प्रेताचे काम करणारी मुलगी खरीच मारली जाते. खेळ आणि कादंबरी यांची ही देवाणघेवाण लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या काळात लेखक खेळाला घाबरत होते, त्याच काळात ते कादंबरीलाही खेळ म्हणत होते.

आणि खेळ म्हटला की नियम आले. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन यांनी रहस्यकथेचे वीस नियम लिहिले, १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने दहा आज्ञा सांगितल्या, १९३० साली लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला आणि त्याच्या सभासदांना शपथ घ्यावी लागे. त्या शपथेत बराच थट्टेचा भाग होता, पण गाभा गंभीर होता: गुप्तहेराने साक्षात्कार, योगायोग, अंतःप्रेरणा असल्या गोष्टींवर विसंबायचे नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून दडवायचा नाही. अमेरिकेत 'एलरी क्वीन' या टोपणनावाने लिहिणारे दोघे चुलतभाऊ कादंबरीच्या शेवटाआधी थांबून वाचकाला जाहीर आव्हान देत, की आता सगळे पुरावे तुमच्यापुढे आहेत, सांगा. आमच्या मराठी रहस्यकथेत हे फारसे रुजले नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, पण त्यांचा वाचक धाडसाच्या, वेषांतराच्या, पाठलागाच्या मागे धावत असे. त्याने पान मिटून स्वतः पुराव्यांची जुळणी करावी अशी अपेक्षाच नव्हती. वाचकाला बरोबरीचा मानणे ही त्या इंग्रजी-अमेरिकी नियमांमागची खरी गोष्ट आहे आणि आम्हांला ती निव्वळ रंजनाची वाटत नाही.

या बरोबरीचे सर्वांत चमत्कारिक रूप १९३६ साली लंडनमध्ये निघाले. डेनिस व्हीटली आणि जे. जी. लिंक्स यांनी 'मर्डर ऑफ मायामी' या नावाने पुस्तक न काढता चक्क पोलिसांची फाइल काढली. तीत तारा, जबान्या, छायाचित्रे, हस्तलिखित पत्रे, शिवाय पडद्याचा डागाळलेला तुकडा, केसांची बट, काडेपेटीतली काडी अशा वस्तू होत्या. उत्तर शेवटी बंद करून ठेवलेले. १९३९ पर्यंत अशा आणखी तीन फाइली निघाल्या. आज पेटीतून विकले जाणारे बहुतेक गुन्हेखेळ हे याच फाइलीचे वंशज आहेत. आता आमच्या व्यवसायबंधूंनी क्षणभर विचार करावा. कथनमीमांसा शिकवताना निवेदक म्हणजे कोण, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, निवेदक आणि लेखक यांत फरक काय, हे समजावण्यात आपले अर्धे सत्र जाते आणि तरी उत्तरपत्रिकेत 'लेखक म्हणतो की' हेच येते. इथे निवेदकच काढून घेतला आहे! समोर फक्त दस्तऐवज आहेत, प्रत्येक दस्तऐवजाला त्याचा लिहिणारा आहे, प्रत्येक लिहिणाऱ्याला स्वार्थ आहे. कथा कुणीही सांगत नाही, वाचकाने ती रचायची आहे. हे ज्याने एकदा केले त्याला अविश्वसनीय निवेदक शिकवावा लागत नाही.

सगळेच खूनखेळ असे नसतात, हे इथेच सांगितले पाहिजे. ज्याचे नाव सर्वांना माहीत आहे तो 'क्लूडो' घ्या. बर्मिंगहॅमचे अँटनी प्रॅट यांनी महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ साली, त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. कच्च्या मालाच्या टंचाईमुळे तो बाजारात यायला १९४९ साल उजाडले. पटाचे रेखाटन त्यांच्या पत्नीचे. सहा संशयित, सहा हत्यारे, नऊ खोल्या: एकूण ३२४ शक्यता, त्यांतल्या ३२३ पुसत जायच्या. खेळ सुबक आहे, मुलांना आवडतो, पण त्यात 'का' हा प्रश्नच नाही. घरमालकाला कुणी, कशाने, कुठे मारले एवढेच विचारलेले आहे. हेतू नाही, स्वभाव नाही, जबानी नाही. आपलीच सोंगटी खुनी निघाली तरी खेळणाऱ्याला काही वाटत नाही, कारण वाटण्यासारखे काही नसतेच. याला आम्ही गणित म्हणू. १९८० च्या दशकात अमेरिकेत पेटीबंद मेजवानीखेळ लोकप्रिय झाले. त्यांत प्रत्येक पाहुण्याला एक पात्र आणि त्या पात्राला ठाऊक असलेली माहिती दिलेली असते. अनेक संचांतला नियम असा की खुनी सोडून कुणीही खोटे बोलायचे नाही, टाळाटाळ मात्र करता येते. चीनमध्ये गेल्या दशकात 'जुबेन्शा' या नावाने याचाच मोठा धंदा झाला. आम्ही ज्याची बाजू घेतो आहोत तो हा प्रकार, फाइल आणि भूमिका यांचा संकर.

आता संस्कारांचा आक्षेप. घर ही पवित्र जागा, तिथे खुनाचा संशय एकमेकांवर घेण्याचा खेळ कसला? यावर आमचे उत्तर असे की संशय घरात खेळाआधीपासूनच नांदत असतो. साखरेच्या डब्यात हात कुणी घातला, कपाटातले पैसे कुणी काढले, आजोबांचे कान कुणी भरले, याचे निवाडे घराघरांत रोज होतात आणि ते पुराव्यावर होत नाहीत. ज्याचा आवाज मोठा, ज्याचे वय अधिक, त्याचा निवाडा. धाकट्याने 'कशावरून?' असे विचारले तर त्याला उद्धट म्हणतात. सुनेने विचारले तर काय म्हणतात ते लिहायला नको.

घरगुती रहस्यकथेचा जन्मच मुळी अशा एका घरात झाला. १८६० च्या जूनअखेरीस इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात रोड या गावी केंट कुटुंबातला चार वर्षांचाही न झालेला मुलगा रात्री पाळणाघरातून नाहीसा झाला आणि सकाळी आवारात त्याचे प्रेत सापडले. दारे आतून बंद होती, त्यामुळे गुन्हेगार घरातलाच. स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला, त्याने घरातले कपडे मोजले, सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिचा एक रात्रीचा झगा कमी भरला, आणि त्याने त्या सोळा वर्षांच्या मुलीला अटक केली. झगा सापडलाच नाही. मुलगी सुटली, आणि एका प्रतिष्ठित घरातल्या लेकीवर बोट ठेवणाऱ्या सामान्य घरातल्या पोलिसावर सारा देश उलटला. व्हिचरचे नाव धुळीला मिळाले. पाच वर्षांनी, १८६५ साली, कॉन्स्टन्सने स्वतः कबुली दिली. दरम्यान देशभरातून लोक आपापले तर्क पत्राने पोलिसांना कळवत होते. बहुतेकांचा संशय पुराव्यापेक्षा स्वतःच्या समजुतींवर बेतलेला. विल्की कॉलिन्स यांनी 'द मूनस्टोन' (१८६८) लिहिताना तो झगा उचलला, पण खुनाच्या जागी हिऱ्याची चोरी घातली आणि रक्ताच्या जागी रंगाचा डाग. एका खऱ्या मेलेल्या मुलावरून लाखो घरांत तर्कांची करमणूक चालावी यापेक्षा, कुणीच मेलेले नसताना ती चालावी, हे अधिक सभ्यपणाचे नाही काय? आज खऱ्या खुनांवरच्या मालिका रोज रात्री जेवताना पाहणाऱ्या घरांनी आम्हांला संस्कार शिकवू नयेत.

मराठी घरात हा खेळ कसा दिसतो याचे एकच उदाहरण देतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी मिळून एक खेळ रचला. साल १९३८, सातारा शहरातले एक काल्पनिक छापखानेवाले कुटुंब, मालकाचा मृत्यू. कागदपत्रांत हिशेबाची वही, दोन पत्रे, प्रुफाचे एक पान, औषधाच्या दुकानाची पावती. खेळायला आमच्यापैकी एकाच्या घरची मंडळी, वय वर्षे दहापासून एकाहत्तरपर्यंत. छापखान्यात एक खिळे जुळवणारा होता, एक वहीवर सही न करता आंगठा उठवणारा गडी होता. पाकिटे फुटून पाच मिनिटेही झाली नसतील, तोच तीन मोठ्या माणसांनी एकमताने गड्याला पकडले. कारण कुणी दिले नाही, द्यावे असे कुणाला वाटलेही नाही. तेव्हा दहा वर्षांच्या भाचीने, जिच्या वाट्याला डॉक्टरांची भूमिका होती, आपल्या मामाला विचारले, "पण कशावरून?" मामांनी हातातले कागद चाळले. काही सापडले नाही. "तसं काही नाही, पण वाटतं," ते म्हणाले, आणि मग स्वतःच थोडे वरमले. एरवी त्या घरात दहा वर्षांची मुलगी मामाला असे विचारती तर काय झाले असते याची आम्हांला कल्पना आहे. तिथे मात्र तिला विचारणे भागच होते. नियमच तो होता.

(गंमत अशी की व्हॅन डाइन यांच्या वीस नियमांतला एक नियम नोकराला खुनी करू नये असाच आहे. पण कारण काय, तर ते फार सोपे होते आणि खुनी कुणीतरी दखलपात्र माणूस असावा! गड्याला सोडायचे, तेही तो तेवढ्या लायकीचा नाही म्हणून. हे वाचून डोक्याला हात लावावा. आमच्या मामांचा पूर्वग्रह निदान उघडा होता.)

आता त्या अटीकडे येतो. रशियात १९८६ साली मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदॉव्ह या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'माफिया' नावाचा खेळ काढला. काही जण गुप्तपणे खुनी, बाकीचे निष्पाप. रात्री खुनी एकाला मारतात, दिवसा सगळे मिळून मताधिक्याने एकाला फासावर चढवतात. पुरावा नावाची वस्तू त्यात जवळपास नाही. कोण जास्त बोलले, कोण गप्प राहिले, कुणाची नजर चुकली, यावरून माणसे बाद होतात. आपल्याकडच्या राजा-राणी-चोर-शिपाईत शिपायाने चेहरे बघून चोर ओळखायचा, तोच प्रकार. फरक इतकाच की आपल्याकडे निवाडा एकट्या शिपायाचा असतो, इथे जमावाचा. हाच खेळ दूरचित्रवाणीवर 'द ट्रेटर्स' या नावाने आला, २०२१ साली नेदरलँड्समध्ये आणि २०२५ साली हिंदीत. त्यातली माणसे पात्रे नसतात, स्वतःच असतात. संशय घेतला जातो तो खेळाडूच्या स्वतःच्या स्वभावावर, त्याच्या रडण्यावर, त्याच्या हसण्यावर. यातल्या कौशल्याला आमचा आक्षेप नाही, पण हे घरात, जिथे माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच ओट्यावर चहा करायचा असतो, तिथे आणू नये असे आम्हांला ठामपणे वाटते.

कारण मराठी वाचकाला हे कुणी सांगायची गरज नाही. तेंडुलकरांनी १९६७ सालीच ते रंगमंचावर आणले. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक एका खेळाविषयी आहे, आणि आम्ही शिक्षक ते स्त्रीवादाखाली, मध्यमवर्गीय दांभिकतेखाली, हिंसेखाली शिकवतो, खेळाखाली क्वचितच शिकवतो. मंडळी गावात येतात ती अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला. त्यात आरोपी असणार अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन. तो खेळ कंटाळवाणा आणि निरुपद्रवी झाला असता. पण सामंताला न्यायालय म्हणजे काय ते समजावे म्हणून रंगीत तालीम होते आणि आरोपी म्हणून लीला बेणारेला उभे करतात, आरोप भ्रूणहत्येचा. हा आरोप कुठल्या पात्रावर नसतो. बेणारे बेणारेचीच भूमिका करते. तिच्या आयुष्यातल्या गोष्टी पुरावा म्हणून बाहेर पडू लागतात, आणि सामंताची साक्ष तर हातातल्या कादंबरीतून उचललेली असते. तरी तिच्यावाचून कुणालाही 'कशावरून?' असे विचारावेसे वाटत नाही. इतके झाल्यावर पुन्हा हा खेळच होता, मनावर घ्यायचे नाही, ही समजूत आहेच.

स्विस लेखक फ्रीडरिश ड्यूरेनमाट यांच्या १९५६ च्या 'डी पान' या कथेत निवृत्त न्यायाधीश, वकील वगैरे म्हातारे घरी जेवणाच्या टेबलावर खटल्याचा खेळ मांडतात आणि गाडी बिघडल्याने मुक्कामाला आलेल्या एका फिरत्या विक्रेत्याला आरोपी करतात. त्यालाही त्याचीच भूमिका मिळते. जेवण उत्तम, मद्य उंची, गप्पा रंगलेल्या, आणि पहाटे तो पाहुणा गळफास घेतो. या कथेची आणि तेंडुलकरांच्या नाटकाची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. तो वाद इथे नको. दोन्हींतला आमच्या कामाचा मुद्दा एकच. न्यायालयाचा खेळ आरोपीला मुखवटा देत नाही, तेव्हा तो खेळ उरत नाही.

म्हणून अट ही, की कुणालाही स्वतःची भूमिका देऊ नये. अलीकडे वाढदिवसाला, लग्नाच्या पंचविशीला, घरच्याच माणसांवर बेतलेला खूनखेळ लिहून घेण्याची हौस दिसते. त्यात सासूबाईंचा चिकटपणा, धाकट्या दिरांची उधारी, नणंदेचा मोडलेला साखरपुडा हे सारे 'गमतीने' घातलेले असते, आणि सगळे हसतात. आम्ही असा एक खेळ पाहिला आहे. ज्यांच्यावर तो बेतला होता त्या बाई हसत होत्या, आणि त्यानंतर त्या घराच्या कुठल्याच समारंभाला आल्या नाहीत. मृत छापखानेवाल्याचे कर्ज हे त्याचे कर्ज असते, म्हणून त्यावर मोकळेपणी बोलता येते. पात्राचे गुपित हे खेळणाऱ्याचे गुपित नसणे, यालाच आपण वर्गात कलात्मक अंतर म्हणतो आणि विद्यार्थी ते शब्द परीक्षेपुरते पाठ करतात.

ज्येष्ठ सरांच्या प्रश्नाचा निम्मा भाग मात्र खरा आहे, तो आम्ही टाळत नाही. रेमंड चँडलर यांनी १९४४ साली आणि एडमंड विल्सन यांनी १९४५ साली या असल्या कोड्यांच्या रहस्यकथेवर जी टीका केली तिला अजूनही चोख उत्तर मिळालेले नाही. प्रेत हे त्यात निमित्त असते. कुणी रडत नाही. आमच्या छापखानेवाल्याची विधवा खेळात होती, ती भूमिका करणाऱ्या काकूंनी एकदाही डोळ्यांना पदर लावला नाही, त्या सारा वेळ आपल्या सहीची तारीख सांभाळत होत्या. मेलेल्या माणसाची भूमिका कुणालाच दिलेली नसते. मृत्यूचे दुःख हा खेळ देऊ शकत नाही आणि त्याच्याकडे ते मागणे म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकाकडे कविता मागणे आहे. पण व्याकरणावाचून कविता शिकवण्याचा उद्योग आपण गेली कित्येक वर्षे चालवलेला आहे, त्याचे काय?

एम.ए.च्या वर्गातले विद्यार्थी कवितेबद्दल बोलतात तेव्हा मोठमोठे शब्द येतात. अस्तित्ववादी जाणीव, परात्मता, विद्रोह, स्त्रीत्वाचे भान. कुठल्या ओळीवरून, असे विचारले की वर्ग गप्प. गाइडमध्ये तसे आहे, किंवा गेल्या वर्षीच्या आदर्श उत्तरात तसे आहे. निष्कर्ष आधी, वाचन नंतर, आणि बहुधा वाचन नाहीच. आमच्या मामांनी गड्याला पकडले तसे हे विद्यार्थी कवीला पकडतात. आणि त्यांनाच दोष का द्यावा? आपण स्वतः परिसंवादांत काय करतो? एखाद्या लेखकाला प्रस्थापित किंवा प्रतिगामी ठरवताना किती जणांनी त्याच्या मजकुरातला परिच्छेद पुढे ठेवला, हे मोजायला बसलो तर बरेच अध्यक्षीय समारोप रद्द करावे लागतील.

यावर एक मार्मिक आक्षेप येईल आणि तो आम्हीच नोंदवतो. खेळात शेवटी बंद पाकीट असते. एकच उत्तर, तेही छापील. साहित्यकृतीत असे पाकीट नसते. मग हा खेळ विद्यार्थ्याला उलट असेच शिकवणार नाही का, की अर्थ कुठेतरी कुणीतरी बंद करून ठेवलेला आहे आणि आपण फक्त तो ओळखायचा? गाइड म्हणजे दुसरे काय, फोडलेले पाकीटच ना! आक्षेप बळकट आहे. त्याचे उत्तर आम्हांला सिद्धांतातून मिळाले नाही, ते एका विकतच्या संचाने दिले. मे महिन्यात तो खेळलो. पाकीट फोडले, खुनी म्हणून पुतण्याचे नाव निघाले. सगळे उठू लागले. आत्या उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाकिटात लिहिलंय म्हणून मी का मानू? रेल्वेच्या तिकिटावरची वेळ बघा." तिकीट पाहिले. त्या वेळेला पुतण्या वाड्यात असणे शक्यच नव्हते. पेटी विकणाऱ्यांनी ते मुद्दाम ठेवले होते की त्यांच्या हातून राहून गेले होते, कोण जाणे. रात्री साडेबारापर्यंत सगळे कागद पुन्हा वाचून झाले, आत्यांनी बहिणीवर खटला उभा केला, आणि तो पाकिटातल्या उत्तरापेक्षा अधिक पुराव्यांना सामावून घेणारा होता. पाकीट कुणीतरी टेबलाखाली ढकलून दिले. आत्या सातवी शिकलेल्या आहेत.

येत्या सत्रात तृतीय वर्षाच्या वर्गाला आम्ही छापखानेवाल्याची फाइल द्यायचे ठरवले आहे, चार तासिकांसाठी, आणि तिच्यात पाकीट ठेवायचे नाही असेही ठरवले आहे. उत्तरपत्रिकेत खुन्याच्या नावाला गुण नाहीत. सगळे गुण कागदांच्या क्रमांकांना. त्यानंतरच्या चार तासिका 'शांतता!'च्या. विभागाच्या बैठकीत हा विषय अजून मंजूर व्हायचा आहे, आणि ज्येष्ठ सरांनी विरोध करणार असल्याचे कळवले आहे. कशावरून विरोध, ते त्यांनी बैठकीत सांगावे अशी आमची त्यांना विनंती आहे.